बांधणे सोपे, राखणे कठीण

कुलाब्याच्या रेडिओ क्लबजवळ उभारावयाच्या नव्या प्रवासी धक्क्याविषयीचा वाद २०२५ साली न्यायालयांतून निकालात निघाला. त्या वर्षीच्या १५ जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयाने परिसरातील रहिवाशांचे अर्ज फेटाळले आणि सप्टेंबरच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या या योजनेचा खर्च सुमारे २२९ कोटी रुपये धरलेला आहे. धक्का असावा की नसावा, हा प्रश्न अशा रीतीने सुटला. परंतु त्या वादाच्या भरात फारसा चर्चेस न आलेला एक प्रश्न तसाच राहून गेला आहे, आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा आहे. हा धक्का बांधून झाल्यावर त्याची निगा कोण राखणार? किंबहुना, जे धक्के आणि ज्या समुद्रभिंती या शहरापाशी पूर्वीपासून आहेत, त्यांची निगा आज कोण राखीत आहे?

हा प्रश्न इतर कोणत्याही शहराने एक वेळ दुर्लक्षिला तरी चालेल. मुंबईने दुर्लक्षून चालणार नाही. सात बेटांचे हे शहर भिंतींच्या आधाराने एक झाले. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून आत घुसणारे पाणी अडविण्यासाठी गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकिर्दीत बांध घातला गेला आणि १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला. पुढे १८३८ साली कुलाब्याचा जोडरस्ता झाला. १८४५ साली माहीमचा झाला, आणि त्यासाठी लेडी आवाबाई जमशेटजी यांनी आपल्या पदरची मोठी रक्कम दिली. आज ज्या जमिनीवर कचेऱ्या, गिरण्यांच्या जागी उठलेले मनोरे आणि मध्यमवर्गीयांच्या चाळी उभ्या आहेत, तिच्यातील मोठा भाग कोणत्या ना कोणत्या भिंतीच्या भरवशावर कोरडा आहे. ही गोष्ट आपण शाळेतील इतिहासाच्या तासाला शिकतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो.

धक्क्यांचीही हीच कथा आहे. गलबतातून उतरणाऱ्या उतारूला एके काळी चिखल तुडवीत किंवा कोणाच्या खांद्यावर बसून किनारा गाठावा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, ज्यांना लोक भाऊ म्हणत, यांनी ही अडचण ओळखून समुद्रात भर घातली व धक्के उभे केले. सरकारी नोंदींत त्या बंदरांना इंग्रज अधिकाऱ्यांची नावे मिळाली. कोकणातून येणाऱ्या माणसाने मात्र त्या जागेला भाऊचा धक्का असेच म्हटले. पुढे मूळ जागा बदलली, धक्का दुसरीकडे गेला, पण नाव त्याच्याबरोबर गेले. ज्याने आपल्या पायाखाली कोरडा दगड दिला त्याला लोक विसरत नाहीत, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

त्यानंतरचा काळ मोठ्या बांधकामांचा होता. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ साली ससून गोदी झाली, १८८० साली प्रिन्सेस गोदी उघडली, १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी, जिला आज आपण इंदिरा गोदी म्हणतो. अपोलो बंदरावर गेटवेची कमान उभी करण्याचे ठरले तेव्हा आधी तेथील समुद्र हटविणे भाग होते. म्हणून १९१५ ते १९१९ या काळात तेथे भर घालून भिंत बांधली गेली, मग पाया झाला आणि १९२४ च्या ४ डिसेंबरला कमानीचे उद्घाटन झाले. कमानीची छायाचित्रे घरोघरी आहेत. ज्या भिंतीमुळे ती कमान पाण्यात न राहता जमिनीवर आहे, त्या भिंतीचे छायाचित्र कोणी मुद्दाम काढून ठेवले असेल असे वाटत नाही.

हे दुर्लक्ष केवळ नागरिकांचे असते तर त्यात हानी नव्हती. फिरावयास गेलेल्या माणसाने क्षितिजाकडे पाहावे. पायाखालचे दगड मोजावेत अशी अपेक्षा त्याच्याकडून कोणी करीत नाही. परंतु ज्यांचे ते काम आहे त्यांनीही क्षितिजाकडेच पाहत राहिल्यास समुद्र आपला हिशेब चुकता केल्यावाचून राहत नाही. आणि त्याची वसूल करण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे.

समुद्रभिंत एका तडाख्यात क्वचितच कोसळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक अंतर पडते. भरतीच्या वेळी पाणी भिंतीच्या सांध्यांतून मागच्या भरावात शिरते आणि ओहोटीला परत फिरते. दगडांच्या दरजा भरलेल्या असतील आणि मागे मोठा दगड, मग खडी, मग वाळू असे थर नीट रचलेले असतील, तर पाणी एकटेच परत जाते. दरजा सुटलेल्या असतील तर ते जाताना चिमूटभर माती घेऊन जाते. दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षे, ही चिमूट चालूच राहते. वरची फरशी जागच्या जागी दिसते, कठड्यावर माणसे निश्चिंत बसलेली असतात, आणि खाली पोकळी वाढत असते. एखाद्या पावसाळ्यात फरशी खचते तेव्हा वृत्तपत्रे ‘अचानक खड्डा पडला’ असे छापतात. त्यात अचानक काहीच नसते.

भिंतीच्या पायथ्याची गोष्टही अशीच. लाट भिंतीवर आपटून परत फिरते ती खालची वाळू उकरीत जाते. पायथा उघडा पडला की वरचे वजन पुढे झुकू लागते. मरीन ड्राइव्हला टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, ज्यांना टेट्रापॉड म्हणतात, ते याच कामासाठी आहेत. १९५० च्या सुमारास फ्रान्समध्ये शोधलेला हा ठोकळा लाटेला पोकळ्यांतून वाट देतो आणि तिचा जोर वाटून टाकतो. पण तोही बसतो, सरकतो, फुटतो, आणि अधूनमधून त्याची रचना पाहून नवे ठोकळे घालावे लागतात.

नव्या धक्क्यांचे खांब लोखंड घातलेल्या काँक्रीटचे असतात. त्यांचा शत्रू निराळा. खारे पाणी काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आतल्या सळयांपर्यंत पोहोचते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक जागा घेतो आणि आतून दाब देऊन काँक्रीटचे कवच फोडतो. खांबाचा जो भाग भरतीला भिजतो आणि ओहोटीला सुकतो, तेथे हा रोग सर्वांत आधी दिसतो. पहिली बारीक चीर दिसली त्याच हंगामात ती भरली तर खर्च थोडा येतो. सळई उघडी पडेपर्यंत थांबले तर खांबाला नवे वेष्टन घालावे लागते. त्याहून थांबले तर धक्का बंद करावा लागतो.

या शहराला हा धडा पूर्वीही मिळालेला आहे. १९२० नंतरच्या काळात बॅकबेच्या भरणीचे काम चालले होते तेव्हा समुद्रात टाकलेला गाळ नव्या भिंतीतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला, अशी जाहीर ओरड झाली. पैसा भरतीबरोबर येत होता आणि ओहोटीबरोबर जात होता. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी त्या कारभारावर कठोर टीका केली, त्यासाठी अब्रुनुकसानीच्या खटल्याला तोंड दिले आणि त्यातून ते निर्दोष सुटले. ज्या नरिमन पॉइंटवर आज मोठमोठ्या कंपन्यांची कार्यालये आहेत, त्याला भिंतीच्या दोषावर बोट ठेवणाऱ्या माणसाचे नाव असावे, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. त्या कार्यालयांत बसणाऱ्यांपैकी किती जणांना तो ठाऊक असेल, हे सांगणे कठीण.

अगदी अलीकडचे उदाहरण १७ मे २०२१ चे. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या समुद्रातून गेले तेव्हा गेटवेच्या कमानीला इजा झाली नाही. पण तिच्याजवळच्या कठड्याची मोडतोड झाली आणि फरशा उखडल्या. दुसऱ्या दिवशी सर्वांनी समाधानाने म्हटले की, कमान सुरक्षित आहे. वस्तुतः त्या दिवशी समुद्राने आपल्याला कोणता भाग आधी तपासावा हे दाखवून दिले होते. हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासमंडळाने त्याच २०२१ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे जगाच्या समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरांनी चढली, आणि चढण्याचा वेग अलीकडे वाढला आहे. वीतभर पाणी ऐकावयास थोडे वाटते. पण आपल्या जुन्या भिंती ज्या पाण्याच्या पातळीचा हिशेब करून बांधल्या होत्या, तो हिशेबच आता जुना झाला आहे, हा त्याचा अर्थ आहे.

मग दुरुस्ती का होत नाही? पैसा नाही, हे उत्तर आम्ही मान्य करीत नाही. नव्या धक्क्याला २२९ कोटी मिळू शकतात, तेथे जुन्या धक्क्याच्या दरजा भरण्यास पैसा नसतो असे म्हणणे पोराटोरांनाही पटणार नाही. खरी कारणे दोन आहेत.

पहिले कारण, मालक अनेक आहेत. मुंबई बंदर प्राधिकरण, सागरी मंडळ, महानगरपालिका, सार्वजनिक बांधकाम खाते, राज्याचे पुरातत्त्व खाते आणि नौदल या सर्वांची सत्ता या किनाऱ्यावर कोठे ना कोठे चालते. फरशी एकाची, तिच्याखालची भिंत दुसऱ्याची, पायऱ्या तिसऱ्याच्या आणि पाणी चौथ्याचे, अशी स्थिती असल्यावर भेग कोणाची हे ठरेपर्यंत ती दुप्पट होते. लाट मात्र कोणाची हद्द कोठे संपते हे विचारीत नाही.

दुसरे कारण आपल्या सार्वजनिक वृत्तीत आहे. नव्या कामाला कोनशिला असते, तिच्यावर नाव असते, फीत असते. दुरुस्तीला यांपैकी काही नसते. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून दरजांत चुना किंवा सिमेंट भरणाऱ्या गवंड्याचे छायाचित्र निघत नाही, आणि त्याला पाठविणाऱ्या अभियंत्याची बढतीही त्या कारणाने होत नाही. यशस्वी दुरुस्तीचे फळ असे की, काहीच घडत नाही. न घडलेल्या अपघाताचे श्रेय मागावयास कोणता मंत्री जाणार? शाळेत वर्षभर टापटिपीने वही ठेवणाऱ्या मुलाकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्याचे मात्र घरभर कौतुक होते. आमचे अंदाजपत्रक या दुसऱ्या मुलासारखे आहे.

या प्रश्नात केवळ दगडमातीचा नव्हे, तर माणसांच्या जिवाचा संबंध आहे, हे आम्ही मुद्दाम सांगू इच्छितो. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोकणातल्या अनेक घरांत त्या अवसेची आठवण अद्याप निघते. ती बोट धक्क्याच्या दोषाने बुडाली असे कोणी म्हणणार नाही. भर पावसाळ्यातील समुद्राने ती घेतली. परंतु प्रवासी आणि समुद्र यांच्यामधले शेवटचे दार म्हणजे धक्का. माणसे मोजावयाची ती तेथे, आणि आज लाँच सुटणार नाही असे निक्षून सांगावयाचे तेही तेथेच. ज्या धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ साचले आहे, ज्याचा कठडा तुटला आहे, जेथे एका लाँचवरून दुसऱ्या लाँचवर पाय टाकीत जावे लागते, तेथे ही शिस्त राखणे कोणाच्याही हातचे नसते. मोडका धक्का गर्दीला मोडकी सवय लावतो.

आणि या पायऱ्यांवरून जाणारे सगळे सहलीला निघालेले नसतात. भाऊच्या धक्क्यावरून मोरा आणि रेवस येथे जाणाऱ्यांत नोकरीसाठी रोज ये-जा करणारी माणसे असतात, गावी औषध घेऊन जाणारी असतात, म्हातारे आईबाप असतात. मासळी उतरविणारे खलाशी आणि पाटी डोक्यावर घेऊन ओल्या फरशीवरून चालणाऱ्या कोळिणी त्याच धक्क्यावर आणि ससून गोदीत पहाटेपासून राबत असतात. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला म्हणून यांचा जलमार्ग अनावश्यक झाला, असे मानणे चुकीचे होईल. ज्याच्याजवळ मोटार नाही त्याला पुलापेक्षा लाँच जवळची.

नव्या धक्क्याला आमचा विरोध नाही. गेटवेजवळच्या चार जुन्या धक्क्यांवर घारापुरीला आणि मांडव्याला जाणाऱ्यांची जी दाटी होते ती पाहिलेल्या कोणासही त्याची गरज पटेल. कुलाब्याच्या रहिवाशांचे आक्षेप सर्वस्वी स्वार्थाचे होते असेही आम्ही म्हणत नाही. उच्च न्यायालयाने योजना मान्य करताना तेथील प्रेक्षागृहवजा जागा प्रवाशांनी थांबण्यासाठीच वापरावी, उपाहारगृह म्हणजे बसून जेवण्याची जागा होऊ नये आणि नौदलाच्या सूचनेप्रमाणे जुने धक्के क्रमाक्रमाने बंद करावेत, असे बंधन घातले आहे. याचा अर्थ इतकाच की, धक्का हा धक्काच राहावा. त्या बंधनांत आणखी एक भर शासनाने आपण होऊन घालावी: बांधकामाच्या खर्चाबरोबरच पुढील तीस वर्षांच्या निगेचा खर्चही जाहीर करावा आणि तो वेगळा काढून ठेवावा. जुने धक्के बंद करावयाचे असतील तर तेही रीतसर काढावेत. टाकून दिलेला खांब समुद्रात उभा ठेवणे म्हणजे पुढच्या वादळाच्या हाती सोटा देणे होय.

प्रत्येक ठिकाणी भिंतच बांधावी, असाही आमचा आग्रह नाही. एका जागी घातलेली भिंत शेजारच्या किनाऱ्याची वाळू पळविते आणि प्रवाहाला वळवून दुसरीकडे गाळ साठविते. मांडव्याला रो-रो बोटीसाठी टर्मिनल झाले, लाटा अडविणारा बांधही झाला; पण साचणाऱ्या गाळाने मार्च २०२० मध्ये बोट सुरू होईपर्यंत पुष्कळ काळ खाल्ला. गाळ उपसणे हा तेथील नित्याचा खर्च झाला आहे. किनारी रस्त्याच्या कामात वरळीच्या क्लीव्हलँड बंदरापाशी पुलाच्या दोन खांबांमध्ये साठ मीटर अंतर पुरेल असे योजनाकारांचे म्हणणे होते. उधाणात होडी आणताना ते अपुरे पडेल, असे कोळी बांधव प्रथमपासून सांगत होते. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये ते अंतर १२० मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. हाच सल्ला आरंभी ऐकला असता तर वेळ, पैसा आणि कटुता, तिन्ही वाचली असती. ज्या तांडेलाला उधाण आणि भांग पंचांगावाचून कळते, त्याचे मत नकाशा आखण्यापूर्वी विचारणे यात अभियंत्याचा काही कमीपणा नाही.

निगेचा प्रश्न लोकांपुढे मांडल्यास लोक समजूतदारपणा दाखवितात, याचे एक उदाहरण परदेशातले आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या एम्बार्काडेरो या किनाऱ्याची सुमारे तीन मैल लांबीची समुद्रभिंत शंभर वर्षांहून जुनी. भूकंपात ती टिकणार नाही असे तज्ज्ञांनी सांगितल्यावर ४२ कोटी ५० लाख डॉलरांचे कर्ज उभारावे काय, हा प्रश्न नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांपुढे ठेवला गेला. तेथे अशा प्रस्तावाला दोन-तृतीयांश मते लागतात. त्याहून पुष्कळ अधिक मतांनी तो संमत झाला. भिंत पडलेली नव्हती. ती पडू शकते एवढेच नागरिकांना सरळ भाषेत सांगितले गेले होते.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. शहरातील प्रत्येक धक्का आणि समुद्रभिंत यांची एकच नोंदवही करावी; तीत बांधणीचे वर्ष, मालक, शेवटची तपासणी आणि शेवटची दुरुस्ती यांची नोंद असावी. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे भिंतीचा पायथा उघडा पडतो तेव्हा, प्रत्यक्ष तपासणी व्हावी, आणि तिचा अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा. किनाऱ्यावर सत्ता असलेल्या सर्व संस्थांपैकी एकीवर या नोंदवहीची जबाबदारी टाकावी, म्हणजे भेग दिसली की बोट कोणाकडे दाखवावयाचे हे नागरिकांस कळेल. दुरुस्तीच्या निधीतून नव्या कामासाठी रक्कम वळविण्यास मनाई असावी. आणि दगड, चुना व काँक्रीट यांची जाण असलेल्या कुशल गवंड्यांची एक कायम तुकडी असावी. दर वेळी नवा कंत्राटदार आणि नवी निविदा यांच्या फेऱ्यात पहिली भेग भरावयाची राहून जाते.

यांपैकी एकाही गोष्टीला नव्या शोधाची किंवा परदेशी सल्लागाराची गरज नाही. गरज आहे ती कोणीतरी विचारीत राहण्याची. आमचा वाचक सुशिक्षित आहे. तो कर भरतो, मत देतो आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसतो. त्याने आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला नव्या योजनांची यादी विचारण्याऐवजी एवढेच विचारावे की, मी बसतो त्या कठड्याखालची भिंत शेवटची केव्हा तपासली, आणि तपासणाऱ्याने काय लिहून ठेवले आहे? उत्तर मिळाले तर उत्तम. न मिळाले तर नोंदवही नाही हे सिद्ध होईल, आणि ती करून घेण्याचे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी सुरू करता येईल.